हत्यारपेटी बांधताना ओझ्याची वाट ओळखा

हातानं उचलून न्यायची, वरून उघडी, मधोमध आडवी दांडी असलेली लाकडी हत्यारपेटी म्हणजे पाच फळ्या आणि एक दांडी. सुतारकाम शिकणारा पहिल्या महिन्यात ती करू शकतो आणि बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. सोपी दिसते म्हणून तिचा फारसा विचार होत नाही. घरात उरलेली फळी घ्यायची, सारख्या जाडीचे तुकडे कापायचे, खिळे मारायचे आणि दांडी अडकवायची, असा प्रकार असतो. अशा पेट्या पुढे मोडतात, आणि मोडतात त्या ठरलेल्या तीन जागी. एक तर तळ खिळ्यांसकट खाली सुटतो. नाहीतर दांडी ज्या फळीत बसवलेली असते ती दांडीच्या भोकापाशी तडकते. तेही झालं नाही तर बाजूची लांब फळी उन्हाळ्यात मधोमध उभी नाही, तर आडवी, लांबीच्या दिशेनं चिरते. तिन्ही ठिकाणी दोष लाकडाचा नसतो आणि बहुतेकदा हाताच्या सफाईचाही नसतो. हत्यारांचं वजन तळापासून हातापर्यंत कोणत्या वाटेनं चढतं, हे कागदावर कुणी आखलेलं नसतं. ती वाट आधी आखली, तर पेटीची जवळजवळ सगळी मापं, फळ्यांची जाडी, तंतूंची दिशा आणि कोणता सांधा कुठे, हे त्यातूनच ठरत जातं. मजबूत पेटीसाठी भारी लाकूड किंवा अवघड सांधे लागतातच असं नाही, एवढंच या लेखात दाखवायचं आहे.

सुरुवात लाकडापासून नको, हत्यारांपासून करा. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि पेटीतून खरोखर न्यायची हत्यारं त्यावर मांडा: हातोडी, पक्कड, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, पटाश्या, गुण्या, लहान करवत, टेप, रंधा, बॅटरीचं ड्रिल, स्क्रूंची डबी. नंतर एका पिशवीत भरून त्यांचं वजन करा. साधी हातोडी अर्ध्या किलोच्या आसपास, लोखंडी जॅक रंधा दोन किलोच्या थोडा वर, बॅटरीसह ड्रिल दीड किलोच्या घरात, असं करत आकडा आठ-नऊ किलोपर्यंत सहज जातो. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेनं १९९१मध्ये सुधारलेल्या सूत्रात, दोन्ही हातांनी आणि सगळी परिस्थिती अनुकूल असताना उचलायच्या ओझ्याचा आधारभूत आकडा २३ किलो धरला आहे. आपली पेटी एका हातानं, जिन्यावरून, शरीराच्या एका बाजूला लटकवून न्यायची असते. म्हणून भरलेली पेटी १२ किलोच्या पुढे जाऊ नये असं मला वाटतं, आणि रोज नेणाऱ्यानं १० किलोवरच थांबावं. हत्यारंच ११ किलोची भरत असतील तर उपाय मोठी पेटी हा नाही. रोज न लागणारी हत्यारं घरी ठेवा किंवा दोन पेट्या करा. जागा असली की माणूस ती भरतो, त्यामुळे पेटीचं माप हाच वजनावरचा सगळ्यात भरवशाचा लगाम आहे.

लांबी सगळ्यात लांब हत्यारावरून ठरते, पण त्याला मर्यादा हवी. मोठी हातकरवत पेटीत मावावी म्हणून पेटी पाऊण मीटर लांब केली, की ती दाराच्या चौकटीला, जिन्याच्या कठड्याला आणि गुडघ्याला लागत राहते. मोठी करवत वेगळी न्या किंवा बाजूच्या फळीला बाहेरून अडकवा. पेटी ६०० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांच्या थोडी आत, ठेवा. रुंदीकडे लोक फार कमी लक्ष देतात, आणि खांदा दुखण्याचं कारण बहुधा तीच असते. दांडी पेटीच्या मधोमध असते, म्हणजे पेटी जितकी रुंद तितका हात मांडीपासून बाहेर ढकलला जातो. ३०० मिलिमीटर रुंद पेटीत हात शरीरापासून किमान १५० मिलिमीटर दूर राहतो. २३० मिलिमीटरच्या पेटीत ११५. एवढ्याशा फरकानं खांद्यावरचा आणि कमरेवरचा पीळ बराच कमी होतो. म्हणून बाहेरून ६०० बाय २३०, बाजूच्या फळ्यांची उंची १४० आणि टोकाच्या उभ्या फळ्यांची उंची ३२० मिलिमीटर, अशी मापं मी सुचवतो. दांडीचा मध्य जमिनीपासून २८५वर आला की खाली मुठीला आणि हत्यारांच्या उभ्या मुठींना पुरेशी जागा उरते. वखारीत इंच आणि सुतातच बोलणं होत असेल तर लक्षात ठेवा की आठ सूत म्हणजे एक इंच. १२ मिलिमीटर म्हणजे जवळपास चार सूत आणि १८ म्हणजे सहा.

आता वाट बघू. हत्यारांचं वजन तळावर पडतं, तळाकडून बाजूच्या व टोकाच्या फळ्यांकडे जातं, टोकाच्या फळ्यांमधून वर चढून दांडीत आणि दांडीतून हातात येतं. बहुतेकांना काळजी असते ती दांडीची, आणि नेमकी तीच कधी मोडत नाही. ३२ मिलिमीटर जाडीची गोल दांडी दोन टोकांवर टेकलेली आणि मधोमध १५ किलो लटकलेले, असा हिशेब केला तर लाकडात दर चौरस सेंटिमीटरला साधारण ६५ किलोचा ताण येतो. चांगलं वाळलेलं साधं लाकूडसुद्धा वाकताना त्याच्या दहापट ताण सोसतं. तेव्हा दांडीची जाडी ताकदीवरून ठरवायची नाही, मुठीवरून ठरवायची. ३० ते ३८ मिलिमीटर जाडीची दांडी बहुतेक हातांना बसते. त्याहून बारीक दांडी बोटांत रुतते, आणि जाड दांडीवर मूठ पुरती मिटत नाही. बाभळीचं लाकूड यासाठी उत्तम. आपल्याकडे अवजारांचे दांडे आणि गाडीचे भाग त्यातून पूर्वापार होत आले आहेत. गोल दांडी स्वतः तासायची नसेल तर शेती अवजारांच्या दुकानातून फावड्याचा सरळ दांडा आणा, त्यातून हवी तेवढी कापा.

खरी कसोटी लागते ती टोकाच्या उभ्या फळीची, आणि तिच्यात महत्त्वाची गोष्ट जाडी नसून तंतूंची दिशा आहे. ही फळी खाली रुंद आणि वर दांडीपाशी निमुळती असते. तंतू उभे ठेवायचे की आडवे, हा प्रश्न इथे येतो. नुसतं लटकलेलं ओझं दोन्हीतही पेलतं. पेटी मोडते ती धक्क्यानं. टेम्पोत पेटी घसरून दांडीच्या टोकावर आपटली, किंवा कुणी दांडीला धरून ती खेचली, असं समजा. दांडीवर लांबीच्या दिशेनं ३० किलोचा रेटा आला आणि दोन्ही फळ्यांनी तो वाटून घेतला, तरी बाजूच्या फळीच्या वरच्या कडेपाशी, जिथून उभी फळी एकटी वर येते तिथे, ९० मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर जाड लाकडात दर चौरस सेंटिमीटरला ४५ किलोच्या आसपास ताण निर्माण होतो. पाइनसारखं हलकं लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेनं ताणलं तर २०-३० किलोलाच उलतं, आणि तंतूंच्या दिशेनं मात्र कित्येक शे किलो सहन करतं. म्हणजे तंतू आडवे असतील तर एवढा धक्का तिला पुरतो. उभे असतील तर तिला तो जाणवतही नाही. पन्नास रुपयांचं लाकूड आणि पाचशे रुपयांचं लाकूड यांतल्या फरकाहून हा फरक मोठा आहे, आणि त्यासाठी फळी कापताना फक्त ती फिरवून धरायची असते.

उभ्या तंतूंचा दुसरा फायदा खिळ्यांच्या पकडीत आहे. बाजूची लांब फळी टोकाच्या फळीच्या कडेवर ठोकली जाते. टोकाच्या फळीचे तंतू आडवे असतील तर त्या कडेला लाकडाचे कापलेले शेंडे येतात, आणि शेंड्यात मारलेला खिळा किंवा स्क्रू तंतूंच्या मधून सरळ आत जातो, म्हणून तितक्याच सहज बाहेर येतो. तंतू उभे असतील तर तोच खिळा तंतूंना आडवा छेदून बसतो आणि धरून राहतो. फेव्हिकॉलचंही तसंच आहे. शेंडा गोंद पिऊन टाकतो, कडेची बाजू त्याला धरते. पेटीला कोपऱ्यात खास सांधा न करता नुसती फळीवर फळी ठेवून जोडायची असेल, तर तंतू उभे ठेवणं एवढ्यासाठीही गरजेचं आहे.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. टोकाच्या फळीचे तंतू उभे आणि बाजूच्या फळीचे आडवे, म्हणजे कोपऱ्यात दोन फळ्या एकमेकींविरुद्ध हलणार. लाकूड हवेतल्या ओलाव्यानं फुगतं आणि आकसतं, पण लांबीच्या दिशेनं जवळजवळ नाही, रुंदीच्या दिशेनंच. साग ओला असल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत वार्षिक वर्तुळांच्या दिशेनं सुमारे ५.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेनं सुमारे २.५ टक्के आकसतो. लाकडातल्या पाण्याचं प्रमाण मे आणि जुलैच्या दरम्यान आठ टक्क्यांनी बदललं असं धरलं, तर १४० मिलिमीटर उंचीची सागाची फळी साधारण २ मिलिमीटर उंच-बुटकी होते. टोकाची फळी मात्र उंचीत हलत नाही. अशा वेळी बाजूच्या फळीला वरपासून खालपर्यंत गोंद लावून चार स्क्रूंनी आवळलं, तर उन्हाळ्यात तिला आकसायला जागा नसते आणि ती मधून चिरते. सुरुवातीला सांगितलेली तिसरी मोडतोड ती हीच. पण यावर उपाय तंतू फिरवणं हा नाही. फळीला हलू देणं हा आहे. गोंद फक्त खालच्या एक तृतीयांश भागाला लावा. खालचे दोन स्क्रू घट्ट, आणि वरच्या स्क्रूचं बाजूच्या फळीतलं भोक उभं, किंचित लांबट करा, म्हणजे फळी त्या स्क्रूभोवती वर-खाली सरकू शकेल. खिळे वापरणाऱ्याला एवढंही करावं लागत नाही, कारण बारीक खिळा स्वतःच थोडा वाकतो. जुन्या खिळ्यांच्या पेट्या टिकण्याचं हे एक कारण आहे. बाजूची फळी फार उंच न करण्याचंही हेच कारण: २०० मिलिमीटरची फळी ३ मिलिमीटर हलेल, आणि तिला सांभाळणं तितकं अवघड होईल.

तळाकडे आलं की ओझ्याच्या वाटेचा मुद्दा सगळ्यात स्पष्ट होतो. तळाची फळी खालून लावायची आणि चारी बाजूंनी खिळे वर ठोकायचे, ही सगळ्यात सोपी रीत आहे आणि सगळ्यात वाईटही. पेटी उचलली की सगळी हत्यारं त्या खिळ्यांना सरळ खाली ओढतात, म्हणजे खिळा ज्या वाटेनं आत गेला त्याच वाटेनं बाहेर. खिळा त्या ओढीपुढे दुबळा असतो, आणि लाकूड दर वर्षी फुगून-आकसून त्याची पकड आणखी सैल करतं. वजन लाकडानं पेलायला हवं. खिळ्यानं फक्त लाकूड जागेवर ठेवावं. स्वीडनच्या गोटलंड बेटावर मेस्टरमूर इथे १९३६मध्ये शेत नांगरताना व्हायकिंग काळातली ओकची हत्यारपेटी सापडली. सुमारे ९० सेंटिमीटर लांब आणि २६ सेंटिमीटर रुंद असलेल्या त्या पेटीसोबत दोनशेहून जास्त वस्तू होत्या, त्यांतली पुष्कळ लोहारकामाची नि सुतारकामाची जड हत्यारं. तिचा तळ टोकाच्या फळ्यांमध्ये कुसू घालून बसवलेला आहे. ओझं खिळ्यावर टाकलेलं नाही. आपल्याला कुसू घालायची गरज नाही. बाजूच्या फळ्यांना आतून, खालच्या कडेपासून १० मिलिमीटर वर, ९ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर खोल खाच पाडा, तशीच टोकाच्या फळ्यांना, आणि ९ मिलिमीटरचं प्लाय त्या खाचेत सरकवा. खाच पाडायचं साधन नसेल तर बाजूच्या फळ्यांना आतून १५ बाय १५ मिलिमीटरची पट्टी गोंद आणि स्क्रूनं लावा आणि तळ त्या पट्टीवर टेकवा. इथे स्क्रूवर जो ताण येतो तो आडवा, त्याला कापू पाहणारा असतो, आणि असा ताण स्क्रू उत्तम पेलतो.

आणखी एक हरकत साध्या व्यवहारातून येते: सगळ्याच फळ्या जाड घेतल्या तर हा सगळा विचार करायलाच नको. जाड फळी ताकद देते खरी, पण ती ताकद तुम्हाला रोज उचलावी लागते. वर दिलेल्या मापांची पेटी सागात केली, टोकाच्या फळ्या १८ मिलिमीटर, बाजूच्या १२ आणि तळ ९ मिलिमीटर प्लायचा, तर ती अदमासे साडेतीन किलोची होते. पाइनमध्ये तीच तीन किलोच्या आसपास. सगळ्याच फळ्या आणि तळसुद्धा १८ मिलिमीटर घेतला, तर सागाची पेटी पाच किलोपर्यंत जाते. १० किलोच्या मर्यादेत निम्मं वजन पेटीनंच खाल्लं तर हत्यारांना काय उरलं? बाजूच्या फळ्या मुख्यतः तळाला कवेत धरतात. त्यांना १२ मिलिमीटर पुरेसे आहेत. दांडी आणि भोक जिथे आहे त्या टोकाच्या फळ्यांनाच जाडी हवी.

लाकडाच्या निवडीत म्हणून फार अडायचं कारण नाही. साग असेल तर छानच. शिवण हलकं, कामाला मऊ आणि आकाराला स्थिर असतं. कोकणात फणस मिळत असेल तर तोही चांगला. आंब्याचं लाकूड स्वस्त आहे, पण त्याला कीड लवकर लागते, तेव्हा ते वापरायचं तर आतून-बाहेरून तेल नीट मुरवा. कारखान्यांतून येणाऱ्या पॅलेटचं पाइन फुकट किंवा नाममात्र भावात मिळतं आणि या कामाला पुरतं. निर्यातीच्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यात एचटी अशी रोमन अक्षरं असतील तर ते लाकूड उष्णतेनं निर्जंतुक केलेलं आहे. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूनं. एमबी शिक्क्याचं लाकूड घरात आणू नका, आणि तेलाचे किंवा रसायनांचे डाग असलेलंही नको. पॅलेटच्या फळीवर रंधा मारण्याआधी खिळ्यांचे तुटके शेंडे शोधून काढा, नाहीतर रंध्याचं पातं पहिल्याच ओढीत जाईल. लाकूड कुठूनही आणलं तरी दोन-तीन आठवडे घरात, खाली-मध्ये पट्ट्या ठेवून रचा आणि मग कापा.

प्लायवूडच का नको, असंही विचारलं जाईल. प्लायमध्ये पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून फुगण्या-आकसण्याचा प्रश्न जवळजवळ नाहीसा होतो आणि टोकाच्या फळीत तंतूंच्या दिशेची काळजीही उरत नाही. तळासाठी प्लायच योग्य आहे. पूर्ण पेटी प्लायची करायलाही हरकत नाही, पण मग रचना बदलावी लागेल: प्लायच्या कडेत स्क्रू मारला तर पापुद्रे सुटतात, म्हणून कोपऱ्यांत आतून लाकडी पट्ट्या लावून स्क्रू त्यांत घ्यावे लागतात, आणि उघड्या कडा आपटून झिजतात, त्यांवरही पट्टी हवी. घेताना आयएस ३०३ हा सर्वसाधारण प्लायचा आणि आयएस ७१० हा मरीन प्लायचा शिक्का पाहून घ्या. ओल्या जमिनीवर पेटी ठेवली जाणार असेल तर तळाला ७१०चे थोडे जास्त पैसे देणं शहाणपणाचं.

प्रत्यक्ष कामात क्रम महत्त्वाचा. टोकाच्या दोन्ही फळ्या २०६ बाय ३२० मिलिमीटर अशा काटकोनात कापा. २३०मधून बाजूच्या दोन फळ्यांची जाडी वजा केली की हे २०६ येतात. दोन्ही फळ्या एकावर एक ठेवून शिकंजानं आवळा, कडा जुळवा, आणि दांडीचं भोक दोन्हींना एकदमच पाडा. वेगवेगळी पाडलेली भोकं क्वचितच समोरासमोर येतात आणि मग दांडी तिरकी बसते. भोकाचा मध्य वरच्या कडेपासून ३५ मिलिमीटर खाली. पलीकडच्या बाजूला गिरमिटाचं टोक दिसलं की थांबा, फळ्या उलटा आणि उरलेलं त्या बाजूनं पाडा, म्हणजे लाकूड उचकटणार नाही. फळी निमुळती कापणं हे काम भोकानंतर करा, कारण तिरक्या कडांवर गुण्या लागत नाही. निमुळता भाग १४० मिलिमीटर उंचीच्या वर सुरू व्हावा. खाली बाजूच्या फळीला सरळ कड हवी. वर ९० मिलिमीटर रुंदी ठेवून शेंडा गोल केला की धक्क्याच्या हिशेबात धरलेली रुंदी खात्रीनं शिल्लक राहते. मग खाचा पाडा. बाजूच्या फळीतली खाच टोकापर्यंत नेली तर कोपऱ्यात चौकोनी भोक दिसेल. शेवटचे १२ मिलिमीटर सोडून थांबा, किंवा नंतर त्यात लाकडाचा तुकडा भरा. गोंदाशिवाय सगळी पेटी एकदा जुळवून दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे असले की पेटी काटकोनात आहे. बाजूच्या फळीत स्क्रूची भोकं आधीच पाडून घ्या, कारण १२ मिलिमीटरची फळी टोकाजवळ सहज फुटते. किनाऱ्याजवळ राहत असाल तर पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू घ्या. दांडी भोकात गोंद लावून बसवा आणि फळीच्या वरच्या कडेतून ५ मिलिमीटरचं भोक दांडीत उतरवून त्यात बांबूची खुंटी ठोका, म्हणजे दांडी हातात फिरणार नाही. पावसाळ्यात पेटी बांधत असाल तर लाकूड फुगलेलं आहे हे धरून सगळं घट्ट बसवा. एप्रिल-मेमध्ये बांधत असाल तर खाचेत केसभर मोकळीक ठेवा. तळाखाली दोन आडव्या पट्ट्या लावल्या की धुतलेल्या फरशीचं पाणी लाकडाला लागत नाही.

ज्यांना डव्हटेल सांध्याची आवड आहे त्यांना फळीवर फळी ठेवून मारलेले स्क्रू खटकतील. डव्हटेल सुंदर आहे आणि कोपऱ्यासाठी त्याच्याहून मजबूत सांधा सहसा नाही. पण तो करायचा तर चारी फळ्यांचे तंतू पेटीभोवती आडवे फिरायला हवेत, म्हणजे टोकाची फळीही आडवी, आणि आपण वर पाहिलं की अशी फळी वर दांडीपर्यंत नेली तर धक्क्यात मोडते. डव्हटेलच हवा असेल तर पेटी १४० मिलिमीटर उंचीवरच संपवा आणि टोकांना आतून ९० मिलिमीटर रुंदीच्या वेगळ्या उभ्या पट्ट्या, उभ्या तंतूंच्या, तळापासून दांडीपर्यंत लावा. पेटीत थोडी जागा जाते, दोन सांधे वाढतात. पण ओझ्याची वाट पुन्हा सरळ होते. कौशल्य दाखवायची इच्छा चांगलीच आहे, फक्त ते ओझ्याच्या आड येऊ नये.

आतली मांडणी मात्र जितकी साधी तितकी बरी. एका बाजूच्या फळीला आतून वरच्या कडेलगत ४० मिलिमीटर रुंद पट्टी आडवी लावून तिच्यात स्क्रू ड्रायव्हर आणि पटाश्या उभ्या राहतील एवढ्या खाचा करा. पटाशीची धार तळाला टेकू नये म्हणून उंची आधी तपासा. एवढं पुरे. हत्यारं बदलतात, म्हणून प्रत्येकासाठी गोंदानं चिकटवलेले खण करणं पुढे अडचणीचं ठरतं. एखादा खण हवाच असेल तर काढता येईल असा, खाचेत सरकणारा करा. वजन दांडीच्या दोन्ही बाजूंना विभागून ठेवणं जास्त मोलाचं: ड्रिल एका बाजूला तर रंधा दुसऱ्या, आणि दोन्ही पेटीच्या मध्याजवळ. पेटी एका टोकाकडे झुकत असेल तर पकड जरा सरकवता येते. लांब दांडीचा हा फायदा आहे, पेटीच्या मधोमध बसवलेल्या लहान मुठीला तो नसतो.

शेवटची हरकत सगळ्यात मोठी आहे. बाजारात झाकणाची प्लास्टिकची पेटी आणि कॅनव्हासची पिशवी दोन्ही मिळतात, पावसात हत्यारं कोरडी राहतात. मग दोन दिवस लाकूड कापत बसायचं कशाला? पावसाळ्यात रोज दुचाकीवरून फिरणाऱ्या वायरमननं किंवा प्लंबरनं कॅनव्हासची पिशवीच घ्यावी. उघडी लाकडी पेटी तिथे चुकीची आहे, आणि तिच्यावर झाकण बसवायला गेलं तर दांडी आड येते, बिजागऱ्या येतात, आणि ती हलकी, साधी वस्तू उरत नाही. पण एका घरात, एका वाड्यात, सोसायटीच्या इमारतीत, शेतावरच्या खोल्यांत किंवा कामाच्या जागी एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या माणसाला झाकण नसण्याचाच फायदा होतो. काय आणलं आणि काय राहिलं ते एका नजरेत कळतं. काम संपताना रिकामी खाच दिसते आणि पक्कड माळ्यावर विसरत नाही. तळ फुटला तर तळच बदलता येतो. प्लास्टिकच्या पेटीचं कडं तुटलं की पेटीच टाकावी लागते. शिवाय विकतची पेटी कुणातरी सरासरी माणसाच्या हत्यारांसाठी केलेली असते. तुमचा गुण्या ३०० मिलिमीटरचा असेल आणि तो तिच्यात तिरकाच बसत असेल, तर रोज त्याच्या काटकोनाला धक्का बसणार.

पेटी झाली की कडा पॉलिशपेपरनं मोडा आणि अळशीचं उकळलेलं तेल, रंगाच्या दुकानात ज्याला बेलतेल म्हणतात, त्याचे दोन पातळ हात द्या. दांडीला चकचकीत व्हार्निश नको. घामट हातात ती निसटते. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. तेल वाळल्यावर पेटीत हत्यारांच्या दीडपट वजन भरा, म्हणजे हत्यारं आठ किलोची असतील तर बारा किलो, आणि ती उचलून दहा-पंधरा मिनिटं एखाद्या भक्कम हुकाला दांडीनं लटकवा. बॅटरी घेऊन तळाची खाच, दांडीचं भोक आणि खालचे स्क्रू बघा. कुठे केसाएवढी फट उघडली असेल तर ओझं तिथे अडतं आहे. तेवढाच सांधा उघडून पुन्हा करा. पुढे दर मेमध्ये, लाकूड सगळ्यात कोरडं असताना, खालचे स्क्रू एकदा आवळून घ्या आणि वरचे लांबट भोकातले स्क्रू मात्र आवळू नका.